टायर गोटा होण्याआधी: झीज कशी वाचायची आणि टायर कधी बदलायचे

माझी सासुरवाडी चिपळूणची. कराडहून पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरायचा, शंभरेक किलोमीटरचा रस्ता. इतक्या वेळा केलाय की वळणं पाठ आहेत. तीन वर्षांपूर्वी गणपतीच्या आदल्या दिवशी घाट उतरताना एका डाव्या वळणावर मी स्टेअरिंग वळवलं आणि गाडी वळलीच नाही. वेग तीसच्या आसपास, पाऊस कोयनेकडचा. दोन-तीन सेकंद गाडी नाकाच्या रेषेत पलीकडच्या बाजूला घसरत गेली आणि मग टायरने रस्ता धरला. समोरून एसटी आली नाही, एवढंच नशीब.

गंमत म्हणजे निघण्याआधी मी टायर बघितले होते. म्हणजे आपण सगळे बघतो तसे: गाडीशेजारी उभं राहून, बाहेरून. नक्षी चांगली दिसत होती. चिपळूणला पंक्चरवाल्याने पुढचं चाक जॅकवर घेतलं, हाताने फिरवलं आणि म्हणाला, "साहेब, इकडं हात लावा." आतल्या कडेला बोटं लावली तर टोचलं. तार होती. बाहेरची दोन तृतीयांश नक्षी शाबूत, आणि आतली कड गुळगुळीत गोटा होऊन पार पोलादी तारेपर्यंत गेलेली.

जूनमध्ये पाटणजवळ एका खड्ड्यात चाक आपटलं होतं. त्यानंतर स्टेअरिंग किंचित तिरकं राहायचं, म्हणजे चाकांचे कोन जुळवून घ्यायला हवे होते. "करू अलाइनमेंट सवडीने" असं म्हणत तीन महिने गेले. तेव्हापासून वर्षातून दोनदा, एकदा मे महिन्यात मृगाच्या आधी आणि एकदा दिवाळीनंतर, मी टायर नीट तपासतो. अर्ध्या तासाचं काम आहे.

१.६ मिमी आणि ३ मिमी

कारच्या नव्या टायरच्या खाचा साधारण ७ ते ८ मिलिमीटर खोल असतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे कारच्या टायरची खाच १.६ मिमीपेक्षा कमी चालत नाही. त्याखाली गेलेला टायर म्हणजे कायद्याने बाद.

पण १.६ हा आकडा "आता थांबाच" असं सांगणारा आहे, "इथपर्यंत बिनधास्त चालवा" असं सांगणारा नाही. कोरड्या रस्त्यावर खाचांचं फारसं काम नसतं, म्हणून तर शर्यतीच्या गाड्या कोरड्यात बिनखाचेचे टायर लावतात. खाचा आहेत त्या पाण्यासाठी. एका टायरचा रस्त्याला टेकलेला भाग जेमतेम तळहाताएवढा. त्या तळहाताखालचं पाणी खाचांतून बाजूला गेलं तर रबर रस्त्याला लागतं. खाच उथळ असेल तर पाणी जायला जागा उरत नाही, आणि वेग वाढला की टायर पाण्यावर तरंगायला लागतो. स्टेअरिंग एकदम हलकं होतं, ब्रेक दाबून उपयोग होत नाही.

म्हणून आपल्याकडच्या पावसासाठी माझी रेघ ३ मिमीला आहे. घाटात, कोकणात किंवा पावसाळ्यात महामार्गावर वेगाने गाडी चालवणाऱ्याने ३ मिमीला टायर बदलावेत. गाडी फक्त सोलापुरात गावातल्या गावात फिरत असेल तर २ मिमीपर्यंत ताणलं तरी चालेल, पण मग त्या टायरवर जुलैत कोकणात जायचं नाही.

मोजायचं कसं

गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा. पुढच्या टायरची आतली कड दिसावी म्हणून स्टेअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा. चाक गाडीच्या बाहेर येतं आणि सगळी रुंदी समोर दिसते. मग दुसऱ्या बाजूला वळवून दुसरं चाक. मागची चाकं वळत नाहीत, तिथं मोबाइलचा टॉर्च लावून हात गाडीखाली घाला आणि टायरच्या आतल्या बाजूचा व्हिडिओ काढा. गुडघे टेकायची तयारी असेल तर उत्तम, पण व्हिडिओवर भागतं.

आधी टायरवरच्या झिजेच्या खुणा शोधा. टायरच्या बाजूवर, नक्षी जिथं संपते त्या खांद्यापाशी, छोटा त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय अशी इंग्रजी अक्षरं असतात. तिथून सरळ रेषेत मुख्य खाचेत बघा. खाचेच्या तळाशी रबराचा एक आडवा उंचवटा दिसेल, पाटात बांध घातल्यासारखा. त्याची उंची १.६ मिमी. बाजूची नक्षी झिजून त्या बांधाच्या पातळीला आली की टायर संपला. असे बांध टायरभर ठरावीक अंतरावर असतात. एका ठिकाणी जरी पातळी जुळली तरी तो टायर बादच धरायचा.

नेमकं मापायचं तर खोली मोजायचा गेज शंभर-दोनशे रुपयांत मिळतो. नसेल तर काडेपेटीतली काडी घ्या. खाचेत उभी घाला, तळाला टेकवा, नक्षीच्या वरच्या पातळीला नखाने खूण करा आणि पट्टीवर मोजा. पट्टी थेट खाचेत घालू नका. कंपासपेटीतल्या पट्टीला शून्याच्या आधी थोडी मोकळी जागा असते आणि टायर आहे त्यापेक्षा झिजलेला दिसतो. नाण्याच्या युक्त्याही ऐकल्या असतील. आपली नाणी मालिकेगणिक बदलत गेली आहेत, त्यामुळे त्यांच्या भरवशावर मी राहत नाही. आणि काडी त्या १.६ च्या बांधावर टेकवू नका, ही चूक मी स्वतः केली आहे.

प्रत्येक टायरवर तीन ठिकाणी मोजा: बाहेरची कड, मध्य, आतली कड. चाक थोडं पुढे सरकवून हेच आणखी दोनदा. आकडे वहीत लिहा. माझ्या त्या प्रसिद्ध टायरचे आकडे वहीच्या पहिल्या पानावर आहेत: बाहेर ४.५, मध्ये ४, आत शून्य. सरासरी काढली असती तर टायर कायद्याच्या १.६ ला पास झाला असता. म्हणून सरासरी काढायचीच नाही, सगळ्यात कमी आकडा तोच टायरचा आकडा.

झीज काय सांगते

टायर सगळीकडे सारखा झिजला असेल तर तो नुसता वापरला गेलाय. वाकडातिकडा झिजला असेल तर गाडीत काहीतरी बिघडलंय, आणि ते दुरुस्त न करता नवा टायर टाकलात तर तोही त्याच वाटेने जाणार.

दोन्ही कडा झिजल्या आणि मध्य शाबूत, तर हवा कमी राहतेय. कमी हवेचा टायर मध्ये आत दबतो आणि सगळं वजन कडांवर येतं. याउलट मधला पट्टा झिजला आणि कडा चांगल्या, तर हवा जास्त. पंपावर "साहेब, चाळीस मारू का, लांब जायचंय ना" म्हणणारा भेटतो, त्याची ही देणगी.

हवा किती भरायची ते पंपवाल्याला विचारू नका. ड्रायव्हरचा दरवाजा उघडलात की चौकटीच्या खांबावर स्टिकर असतो, त्यावर पुढच्या-मागच्या टायरचे आकडे असतात, कमी सामानाचे वेगळे आणि भरलेल्या गाडीचे वेगळे. टायरच्या बाजूवर छापलेला दाबाचा आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो भरायचा नसतो. हवा टायर थंड असताना तपासायची, म्हणजे गाडी तीनेक तास उभी असावी किंवा फार तर एक-दोन किलोमीटर चाललेली. तापल्यावर दाब वाढतो, साधारण साडेपाच अंशांना एक पीएसआय (हवेच्या दाबाचं माप). तापलेल्या टायरमधून "जास्त झाली" म्हणून हवा काढली तर सकाळी ती कमी भरते.

इथं एक भ्रम मोडायला हवा. "उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी, फुटत नाही" हे वाक्य आमच्या घरात तीन पिढ्या चालत आलंय. आहे उलटंच. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते, वाकण्याने तापते आणि वेगात तापत तापत फुटते. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर, जिथं कारला ताशी १२० ची मर्यादा आहे आणि तासन् तास त्याच वेगाने जाता येतं, तिथं कमी हवेचा, झिजलेला किंवा जुना टायर घेऊन जाणं म्हणजे संकटाला आमंत्रण. २०२३ मध्ये आरटीओच्या पथकांनी त्या रस्त्यावर टायर तपासून गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवायला सुरुवात केली, ती उगाच नाही. नायट्रोजनबद्दल विचाराल तर साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. फुकट मिळाला तर भरा, पण नायट्रोजन भरलाय म्हणून महिन्याची तपासणी सोडू नका.

एकच कड झिजली असेल, माझ्यासारखी आतली किंवा बाहेरची, तर चाकांचा कोन बिघडलाय. चाक वरून-खालून कललंय किंवा पुढून आत-बाहेर वळलंय. वळलेल्या चाकाच्या झिजेची खूण हाताला कळते. तळहात नक्षीवरून आडवा फिरवा, आधी आतून बाहेर, मग बाहेरून आत. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं खरखरीत लागलं, तर तडक अलाइनमेंटला. अलाइनमेंट झाल्यावर आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांची प्रिंट मागून घ्या. "झालं, साहेब" एवढ्यावर पैसे देऊ नका. आणि सस्पेन्शनमधला चाकाजवळचा एखादा सांधा, म्हणजे बॉल जॉइंट, टायरॉड एंड किंवा बुश, ढिला असेल तर अलाइनमेंट टिकणारच नाही, म्हणून तो आधी बघायला सांगा.

नक्षीवर ठिकठिकाणी खळगे पडले असतील, चमच्याने खरवडल्यासारखे, तर संशय शॉकअॅब्जॉर्बरवर. चाक रस्त्यावर टेकून चालायच्या ऐवजी उड्या मारतंय. बॅलन्सिंग, म्हणजे चाकाच्या वजनाचा समतोल, बिघडल्यानेही असं होतं, मग ठरावीक वेगाला, बहुतेक ८० च्या पुढे, स्टेअरिंग थरथरतं. एकाच जागी सपाट चट्टा असेल तर कधीतरी करकचून ब्रेक लागून चाक जाम झालं होतं.

आता अदलाबदल. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्या पुढच्या चाकांनी ओढल्या जातात. इंजिनाचं वजन पुढे, ओढणं पुढे, वळणं पुढे, ब्रेकचा मोठा भारही पुढेच. म्हणून पुढचे टायर लवकर झिजतात. दर ८ ते १० हजार किलोमीटरला पुढचे दोन सरळ मागे न्यायचे आणि मागचे दोन तिरपे पुढे आणायचे, डावा उजवीकडे, उजवा डावीकडे. टायरच्या बाजूवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर मात्र बाजू बदलायची नाही, त्याच बाजूला पुढे-मागे. सर्व्हिसिंगच्या बिलावर 'टायर रोटेशन' लिहिलेलं असतं. ते खरंच झालं का हे बघायचं असेल तर गाडी देताना टायरच्या आतल्या बाजूला खडूने आकडे घालून ठेवा. वाईट सवय आहे, पण मला लागली आहे.

नक्षी भरपूर, तरी टायर बाद

दर रविवारी फक्त बाजारापर्यंत जाणारी गाडी घरोघरी असते. तिचे टायर नक्षीने कधीच संपत नाहीत, वयाने संपतात. रबर ऊन खाऊन कडक होतं, बाजूवर बारीक भेगा पडतात, उन्हाळ्यात शेत भेगाळतं तशा. टायरचं वय त्याच्या अंगावर लिहिलेलं असतं. बाजूवर डॉट ही अक्षरं शोधा, त्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. हे चार आकडे बहुधा एकाच बाजूला असतात. बाहेर दिसले नाहीत तर आत बघा. पाच वर्षं झाली की दरवर्षी जाणत्याकडून तपासून घ्या. सहाव्या-सातव्या वर्षी, विशेषतः गाडी उन्हात उभी राहत असेल तर, मी बदलून टाकीन. दहा वर्षांनंतर नक्षी नव्यासारखी असली तरी तो टायर रस्त्यावर नको. स्टेपनीलाही हेच लागू. डिकीत दहा वर्षं झाकून ठेवलेली स्टेपनी 'नवीकोरी' नसते, म्हातारी असते.

बाजूला फुगा आला असेल तर एक दिवसही थांबू नका. खड्ड्यात आपटून आतले धागे तुटलेले असतात आणि हवा नुसत्या रबराने अडवलेली असते. त्याला दुरुस्ती नाही. बाजूवरच्या पंक्चरलाही नाही. पंक्चरवाला भोकात रबराची वात घालून देईल, हवाही राहील, पण ती बाजू प्रत्येक फेऱ्याला वाकत असते आणि वात कधी सोडेल सांगता येत नाही. नक्षीतलं पंक्चर खिळ्याएवढं असेल तर दुरुस्त होतं. शक्यतो टायर उतरवून आतून पॅच मारून घ्यावा. पंक्चर टायर तसाच किलोमीटरभर रेटला असेल तर आत काळी भुकटी निघते. ती बाजू रगडून निघालेल्या रबराची असते. तसा टायर परत बसवू देऊ नका.

किती दिवस उरले, याचा हिशेब

समजा टायर नवे असताना ८ मिमी होते आणि ३० हजार किलोमीटरनंतर ४ उरले. ४ मिमी गेले, म्हणजे मिलिमीटरला साडेसात हजार. ३ मिमीच्या रेघेपर्यंत एक मिमी, अजून साडेसात हजार किलोमीटर. महिन्याला हजार किलोमीटर होत असतील तर साडेसात महिने. दिवाळीनंतर नोव्हेंबरात मोजलंत तर रेघ येते ऐन जून-जुलैत, म्हणजे मुसळधार पावसात. अशा वेळी मे महिन्यातच बदलायचे. दुकानदार म्हणेल, "अजून दहा हजार आरामात काढेल." काढेलही, पण घाटात घसरेल तेव्हा गाडीत तो नसेल.

दोनच घ्यायचे असतील तर

चार टायर एकदम घ्यायला खिशाला जड जातं. दोन घेतले तर कुठं लावायचे? जवळजवळ सगळे सांगतील, पुढे. स्टेअरिंग पुढे, इंजिन पुढे, म्हणून नवे पुढे. मलाही हेच बरोबर वाटायचं. पण नवे टायर मागे लावावेत आणि मागचे बरे असतील तर पुढे आणावेत. ओल्या रस्त्यावर पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते, माझी गेली तशी, आणि ॲक्सिलरेटर सोडला की बहुधा परत ताब्यात येते. मागची चाकं घसरली तर गाडी भोवऱ्यासारखी फिरते आणि तिला सावरणं आपल्यासारख्या साध्या ड्रायव्हरचं काम नाही. दुकानात यावरून वाद घालावा लागेल, तयारी ठेवा. एका ॲक्सलवरचे दोन्ही टायर मात्र एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे. चारही चाकांनी ओढली जाणारी गाडी असेल तर चारही टायर एकदमच बदललेले बरे. झिजेच्या फरकाने तिच्या गिअरांवर ताण येतो.

दुकानात

जुन्या टायरवरचा आकडा लिहून न्या. १८५/६५ आर १५ ८८ एच असं लिहिलं असेल तर रुंदी १८५ मिमी, बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के, रिम १५ इंचाची, ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलो भार, एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंत. माप तेच घ्या. भार आणि वेगाचा दर्जा तेवढा किंवा वरचा चालेल, खालचा नाही. "थोडा रुंद टाका, रुबाब येतो" हे ऐकून मायलेज घालवू नका.

आयएसआयचा शिक्का बघा आणि बसवण्याआधी तारखेचे चार आकडे स्वतः वाचा. सहा-आठ महिन्यांपर्यंतचा टायर ठीक, दोन वर्षं गोदामात पडलेला असेल तर दुसरा मागा. जुने टायर 'नव्यासारखे' म्हणून विकणारे असतात. झिजलेल्या टायरमध्ये गरम पात्याने नवीन खाचा कोरून, काळा रंग मारून चकचकीत केलेले टायर बाजारात असतात. खाच खोल दिसते, पण तिच्या तळाशी रबराचा नुसता पापुद्रा. ओळखायची खूण: झिजेचे ते बांध खाचेतून गायब असतात किंवा कापलेले असतात.

बसवताना रबरी व्हॉल्व्हही नवा टाकायला सांगा. बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट त्याच दिवशी. बाण असलेला टायर उलटा बसला नाही ना, 'आउटसाइड' लिहिलेली बाजू बाहेरच आहे ना, हे निघण्याआधी बघा. बिलावर टायरचा नंबर लिहून घ्या, वॉरंटीला लागतो. शंभरेक किलोमीटरनंतर नट एकदा तपासून घ्या. पहिले दोन-तीनशे किलोमीटर जपून चालवा, नव्या रबराच्या वरचा गुळगुळीत थर जायला तेवढं लागतं.

जुने टायर दुकानात देऊन बदल्यात काही सूट मिळाली तर घ्या. घरी आणून गच्चीवर ठेवू नका, त्यात पाणी साचतं आणि डेंग्यूचे डास होतात. माझा तो टायर मेव्हण्याने चिपळूणला ठेवून घेतला होता, पोरांना परसातल्या आंब्याला झोपाळा करायला म्हणून. दोर बांधायला गेला आणि आतल्या कडेची तार बोटात घुसली. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन आला आणि टायर भंगारवाल्याला दिला.